मृग, नारळी पौर्णिमा आणि दर्या : पश्चिम किनाऱ्यावरील समुद्रप्रवासाच्या ऋतुनियोजनाचा इतिहास

प्रस्तावना

कुरुंद्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. टोकाईच्या डोंगरावरून चहूकडे दिसते ती काळी जमीन, ऊस आणि हळदीची शेते. या परिसरात जूनच्या ७ किंवा ८ तारखेला मृग नक्षत्र लागते आणि शेतकऱ्याचे वर्ष सुरू होते. तिफण बाहेर निघते, बियाण्याच्या दुकानासमोर गर्दी होते. नेमक्या याच दिवसांत कोकण किनाऱ्यावर उलट दृश्य असते. होड्या वाळूवर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात, जाळी घरात येतात. जो मृग जमीन उघडतो, तोच समुद्र बंद करतो. एकाच वाऱ्याची ही दोन कामे आहेत, परंतु आपल्या इतिहासलेखनात ती क्वचितच एकत्र पाहिली गेली. शेतीच्या ऋतुचक्रावर मराठीत विपुल लेखन आहे; समुद्राच्या ऋतुचक्राचा विचार मात्र आरमाराच्या किंवा मासेमारीच्या अभ्यासात ओघाने येतो, इतकेच.

प्रस्तुत लेखात पश्चिम किनाऱ्यावरील प्रवासी, व्यापारी, आरमारी सैनिक आणि अलीकडे केवळ लाटांवर स्वार होण्यासाठी जाणारे हौशी लोक आपल्या सफरी ऋतूशी कशा जुळवीत आले, याचा आढावा घेतला आहे. लेखकाचे मुख्य म्हणणे असे की, या नियोजनातील खरे कौशल्य 'हंगाम कोणता' हे ओळखण्यात नव्हते. ते एखाद्या लहान मुलालाही ठाऊक असे. कौशल्य होते ते हंगामाच्या सांध्यावर, म्हणजे एक ऋतू संपून दुसरा पुरता सुरू न झालेल्या दिवसांत, निघावे की थांबावे हे ठरविण्यात. जय, नफा आणि जलसमाधी या तिन्ही गोष्टी बहुधा या सांध्यावरच घडलेल्या आढळतात.

तेर, पैठण आणि भडोच

मराठवाड्याच्या वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रंथात पैठण आणि तगर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तगरहून साधे कापड व तलम वस्त्रे गाड्यांतून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून, भडोचला नेली जात. तेर येथील लामतुरे संग्रहालयात ठेवलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आणि इटलीतील पाँपेई येथे सापडलेली तशीच प्रतिमा यांची तुलना अभ्यासकांनी वारंवार केली आहे. या संबंधांचा पुरावा म्हणून तो वस्तुसंग्रह पुरेसा बोलका आहे.

आता या व्यापाराचे वेळापत्रक पाहू. इजिप्तच्या बंदरांतून भारताकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत, म्हणजे नैऋत्य वारे जोरात असताना. आणि किनाऱ्यावरील खवळलेला समुद्र निवळू लागताना येथे पोहोचत. परतीसंबंधी प्लिनी या रोमन लेखकाने मुझिरिसच्या संदर्भात दिलेली मर्यादा काटेकोर आहे : डिसेंबरात निघावे, फार तर १३ जानेवारीच्या आत. त्यानंतर निघणाऱ्यास ईशान्य वाऱ्याची साथ भरवशाची राहत नसे.

या दोन तारखांच्या मध्ये तेरचा गाडीवान कोठे बसतो? पावसाळ्यात काळ्या मातीतून भरलेली गाडी जात नाही, हे आपल्या भागातील कोणासही सांगावयास नको. वाटा सुकतात आश्विनाच्या अखेरीस. तेथून तीस दिवसांची वाट धरली तर माल कार्तिकाच्या शेवटी अथवा मार्गशीर्षात भडोचला पोहोचतो. जहाज सुटावयास त्यानंतर जेमतेम महिना-दीड महिना उरतो. याचा अर्थ कापड विणून, बांधून, गाडीजवळ तयार ठेवण्याचे काम पावसाळ्यातच पूर्ण झालेले असले पाहिजे. हे लेखकाचे अनुमान आहे; परंतु अंतर आणि ऋतू यांचा हिशोब दुसरे काही सुचवीत नाही. समुद्राचे पंचांग अशा रीतीने घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यातील विणकराच्या मागापर्यंत पोहोचले होते. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याच्याही कामाचा दिवस समुद्र ठरवीत होता.

पेरिप्लसच्या लेखकाने आणखी एक बाब नोंदविली आहे. भडोचजवळच्या भरती-ओहोटीचा वेग, विशेषतः अमावास्येच्या सुमारास, इतका भयंकर असे की राजसेवेतील स्थानिक कोळी आपल्या नावा घेऊन पुढे येत आणि परदेशी जहाजांना खाडीतून आत नेत. म्हणजे वाऱ्याचे वार्षिक पंचांग परदेशी नाविकास ठाऊक होते, पण तिथीचे आणि घटकेचे पंचांग किनाऱ्यावरच्या माणसाकडेच होते. हा भेद पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

मौसिम : एका शब्दाचा आणि अनेक मुदतींचा प्रवास

मराठीतील 'मोसम' हा शब्द अरबी 'मौसिम' या शब्दावरून आला. त्याचा मूळ रोख पावसाकडे नाही. नेमलेला काळ, यात्रेचा अथवा प्रवासाचा हंगाम, असा त्याचा अर्थ. युरोपीय भाषांनी तोच शब्द उचलला आणि कालांतराने त्याचा अर्थ वारा व पाऊस असा झाला. पंधराव्या शतकातील अरब नाविक इब्न माजिद याने आपल्या ग्रंथात कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसापर्यंत निघता येते, याचे सविस्तर विवेचन केले आहे. त्याची गणना सौर वर्षाच्या दिवसांवर आहे, हिजरी महिन्यांवर नाही. यामागील कारण उघड आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने हिजरी महिने ऋतूंतून फिरत राहतात. वारा फिरत नाही.

या विसंगतीचा त्रास हजच्या यात्रेकरूंना होई. यात्रेची तिथी चांद्र, जहाजाची मुदत सौर. सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे पावसाळ्यापूर्वी निघत आणि नैऋत्य वाऱ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरात परतत. यात्रा कोणत्याही ऋतूत आली तरी जहाज तेव्हाच. हे वेळापत्रक इतके निश्चित होते की ते चाच्यांनाही पाठ होते. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने परतीच्या हंगामात मोगलांचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज गाठून लुटले, ते अशाच पाळतीच्या बळावर. नियमितपणाची ही दुसरी बाजू इतिहासात सहसा दुर्लक्षित राहते : ज्या तारखा प्रवाशाला वाचवितात, त्याच त्याला शत्रूच्या हाती देतात.

मुदत मोडल्याचा दाखला वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत मिळतो. २४ एप्रिल १४९८ रोजी तो आफ्रिकेतील मलिंदीहून जाणत्या वाटाड्यासह निघाला आणि महिन्याभराच्या आत केरळच्या किनाऱ्यास लागला. परतताना मात्र ऑक्टोबरच्या आरंभी, ईशान्य वारे स्थिरावण्यापूर्वी, त्याने अंजदीव बेट सोडले. तोच समुद्र ओलांडावयास या खेपेस सुमारे तीन महिने लागले आणि रक्तपितीने कित्येक खलाशी वाटेतच मेले. जहाज तेच होते आणि कप्तानही तोच. अवघ्या काही आठवड्यांची घाई महागात पडली. पुढे पोर्तुगीजांनी हा धडा घेतला. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघून सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा गाठणे आणि डिसेंबर-जानेवारीत परत फिरणे, ही त्यांची ठरलेली रीत झाली. उशीर झालेल्या जहाजास मोझांबिकला महिनोन्‌महिने अडकून पडावे लागे.

आरमाराची छावणी

मराठ्यांच्या लष्करी इतिहासात दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि पावसाळ्यातील छावणी या गोष्टी परिचित आहेत. आरमारासही छावणी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासंबंधी जे विवेचन आहे, त्यात पाऊस लागण्यापूर्वीच जहाजे सुरक्षित बंदरी नेऊन ठेवण्याबाबत सूचना आहेत. पाऊस आल्यावर नव्हे, येण्याआधी. हा तपशील महत्त्वाचा आहे. घाटावरची फौज पहिल्या सरीनंतरही चार मुक्काम करू शकते. गलबतास ती सवलत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील घटनांच्या तारखा या दृष्टीने वाचल्यास त्या केवळ सनावळ्या राहत नाहीत. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली, म्हणजे समुद्र निवळल्यानंतर. त्याच उघाडीत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः मालवणहून जलमार्गाने बसरूरच्या मोहिमेवर गेले. या महिन्यांत किनाऱ्यालगत वायव्येचा वारा असतो आणि तो दक्षिणेकडे जाणाऱ्या शिडास अनुकूल पडतो. रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा आणि दुपारनंतरचा खारा वारा यांचा खेळही याच दिवसांत नियमित चालतो. त्यामुळे लहान गलबतांच्या ताफ्यास मोहिमेसाठी याहून चांगला काळ वर्षात मिळत नाही.

याउलट खांदेरीचे प्रकरण आहे, आणि लेखकाच्या मते मराठी आरमाराच्या ऋतुज्ञानाचा तो सर्वांत बोलका पुरावा ठरतो. मुंबईच्या तोंडावरील या बेटावर किल्ला बांधण्याचे काम मायनाक भंडारी याच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस सुरू झाले. हा काळ उघाडीचा नव्हे. हाच तो सांधा. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावरील बेटाकडे जाणकार नावाड्याच्या लहान होड्या ये-जा करू शकत होत्या, परंतु मोठ्या शिडाच्या जहाजांना बेटाभोवती टिकून वेढा घालणे अवघड होते. इंग्रजांनी सप्टेंबरात आपली जहाजे पाठविली तोवर बेटावर पाय रोवले गेले होते. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखालील मराठी ताफ्याची इंग्रजांशी चकमक झाली. तीत इंग्रजांच्या 'रिव्हेंज' या जहाजाने मराठ्यांना मागे हटविले खरे, पण 'डव्ह' हे त्यांचे गलबत मराठ्यांच्या हाती पडले आणि खांदेरीही मराठ्यांकडेच राहिली. वर्षाच्या ज्या आठवड्यांत प्रतिपक्ष समुद्र बंद समजत होता, तेच आठवडे येथे निवडले गेले. ही निवड जाणीवपूर्वक होती असे थेट सांगणारा कागद नसला, तरी घटनाक्रम त्याच दिशेने बोट दाखवितो. याच काळात जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयास राही, ही महाराजांची इंग्रजांविरुद्धची जुनी तक्रार होती. पावसाळ्यात कोणास कोठे निवारा मिळतो, हा त्या काळच्या राजकारणाचा प्रश्न होता.

नारळी पौर्णिमा आणि दोन पंचांगे

समुद्र बंद होण्याची खूण मृग आणि उघडण्याची खूण नारळी पौर्णिमा, असे कोकणात सर्वसाधारणपणे मानले जाते. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मृग हे सूर्यनक्षत्र असल्याने त्याची तारीख जवळजवळ स्थिर आहे. श्रावणी पौर्णिमा ही तिथी. अधिक मासाच्या हिशोबाप्रमाणे ती ऑगस्टच्या आरंभापासून अखेरीपर्यंत कोठेही येते. म्हणजे परंपरेने बंद होण्याची मुदत पक्की ठेवली आणि उघडण्याची सैल ठेवली. पहिल्या वादळास चुकणे प्राणघातक असते. निघावयास चार आठवडे उशीर झाला तर फक्त नुकसान होते. ही योजना कोणी बसून केली असे म्हणण्याचा हेतू नाही. तथापि तिच्यात एक शहाणपण आहे, हे नाकारता येत नाही. शिवाय नारळ अर्पण केला म्हणजे दूरच्या सफरीस मोकळीक मिळाली असे नव्हे. मोठी गलबते त्यानंतरही वारा पाहत थांबत.

आधुनिक कायद्याने दोन्ही टोके पक्की केली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये पावसाळी मासेमारी बंदी लागू करण्यात येते आणि अलीकडील वर्षांत ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. बंदीचा मुख्य हेतू माशांच्या प्रजननाचा असल्याने तिची अखेर आणि नारळी पौर्णिमा यांचा मेळ दरवर्षी बसत नाही, आणि त्यावरून मच्छीमारांत दरवर्षी चर्चा होते.

आगबोटीचा भ्रम

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि वाऱ्याची गुलामी संपली असे वाटू लागले. वाऱ्याच्या दिशेची गुलामी खरोखरच संपली; परंतु लाटेची संपली नाही. मुंबईहून रत्नागिरी, वेंगुर्ले, पणजीकडे जाणारी बोट पावसाळ्यात बंदच राही. चाकरमान्यांना गणपतीला गावी जाण्यासाठी घाटाची वाट धरावी लागे.

दुर्घटनांच्या तारखा पाहिल्या असता प्रश्न अधिक स्पष्ट होतो. गुजरातच्या किनाऱ्यावर 'वैतरणा' ही आगबोट शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली ती नोव्हेंबर १८८८ मध्ये. कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या तो दिवस ११ नोव्हेंबर १९२७. नोव्हेंबर म्हणजे प्रचलित समजुतीप्रमाणे निर्धोक महिना. पण अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः दोन काळांत उठतात : पावसाळ्याच्या तोंडाशी मे-जूनमध्ये आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जुन्या गलबतवाल्यास दिवाळीनंतरही आभाळाकडे पाहण्याची सवय होती. छापील वेळापत्रकास ती सवय नसते.

'रामदास' बोटीची दुर्घटना याहून निराळी. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि कासाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. येथे सांधा नव्हता. भर पावसाळा होता. मुंबई बंदराच्या आतली जवळची फेरी म्हणून ती चालू होती. दुसऱ्या दिवशी गटारी अमावास्या असल्याने घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. सणाच्या तिथीने माणसे एकत्र आणली आणि तीच तिथी उधाणाचीही होती. परंतु पंचांगाच्या या दोन बाजू एकत्र वाचणारा कोणी त्या धक्क्यावर नव्हता. आजही गेटवे ते मांडवा ही प्रवासी वाहतूक मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवली जाते, तर भाऊच्या धक्क्यावरील मोठी रो-रो बोट पावसाळ्यातही चालते. जहाजाच्या आकाराप्रमाणे हंगाम लांबतो-आखडतो, ही गोष्ट खांदेरीच्या वेळी जितकी खरी होती तितकीच आजही आहे. फक्त तेव्हा फायदा लहान होडीचा झाला होता.

लाटांसाठीच निघालेले प्रवासी

आजवरचा सर्व इतिहास लाट टाळण्याचा आहे. लाटेसाठीच प्रवास करणाऱ्यांचा इतिहास पॅसिफिक महासागरात सापडतो. कप्तान कुकच्या जहाजावरील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये हवाई बेटांवरील लोक फळीवर आडवे होऊन लाटांवरून कसे घसरत येतात याचे वर्णन लिहून ठेवले. हवाईत 'मकाहिकी' नावाचा सुमारे चार महिन्यांचा पर्वकाळ असे. सायंकाळी पूर्वेस कृत्तिका उगवू लागल्या म्हणजे, साधारण नोव्हेंबरात, तो सुरू होई. या काळात युद्ध वर्ज्य आणि खेळ विहित. उत्तर पॅसिफिकमधील हिवाळी वादळांच्या मोठ्या लाटा याच महिन्यांत बेटांच्या उत्तर किनाऱ्यांवर येतात. आपल्याकडेही कृत्तिकांच्या नावाचा कार्तिक मास साधारण त्याच दिवसांत येतो आणि तो गलबते निघण्याचा काळ. तारे तेच, एका किनाऱ्यावर ते शांत समुद्राची खूण, दुसऱ्यावर उसळत्या लाटेची.

भारतात हा खेळ अलीकडचा. कर्नाटकातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास त्याचे पहिले केंद्र उभे राहिले. २०१६ मध्ये मंगळूरजवळच्या सशिहित्लू येथे राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धा भरली ती मे महिन्याच्या अखेरीस. ही तारीख अर्थपूर्ण आहे. उघाडीच्या महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा लहान आणि सुबक असतात. त्यातील लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर दूर दक्षिण महासागरातील वादळांतून आलेल्या असतात. त्या नवशिक्यास योग्य. भर पावसाळ्यात लाट मोठी पण विस्कटलेली, तिच्यावर स्वार होणे अशक्यप्राय. निष्णात खेळाडूस हवी ती लाट या दोन्हींच्या मध्ये, मृगाच्या आधीच्या थोड्या दिवसांत मिळते. व्यापाऱ्याने हजारो वर्षे जो सांधा टाळला, तोच या नव्या प्रवाशाने शोधून काढला आहे. त्याच्या हाती अर्थात हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे लाटांचे अंदाज आहेत. अमात्यांच्या तांडेलाजवळ ते नव्हते.

तिथीची पाऊणपट

प्राध्यापकवर्गाशी या विषयाचा थेट संबंध येतो तो सहलींच्या निमित्ताने. आपल्या भागातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कोकणात जातात. ऋतूच्या दृष्टीने ही निवड बिनचूक आहे. तरीही १ फेब्रुवारी २०१६ रोजी दुपारी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. हंगाम उत्तम होता. पंचांग उघडले असता त्या दिवशी कृष्ण अष्टमी दिसते, म्हणजे उधाण नव्हे तर भांग. महिन्यातील सौम्य भरतीचा दिवस. वर्षाच्या आणि पक्षाच्या दोन्ही हिशोबांनी सुरक्षित असा तो दिवस होता. उरला तो घटकेचा हिशोब.

हा हिशोब कोकणातील वृद्ध मंडळी बोटांवर करतात. तिथीच्या आकड्यास पाऊणने गुणावे. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबई-कोकण किनाऱ्यापुरता हा आडाखा पाऊण-एक तासाच्या फरकाने जुळतो. अष्टमीच्या दिवशी दुपारी पाणी दूर गेलेले, वाळू उघडी आणि समुद्र निजल्यासारखा दिसतो. पण बारानंतर तो परत फिरलेला असतो, आणि मागे राहिलेल्या खळग्यांतून आधी पाणी भरते. सपाट काळ्या रानात वाढलेल्या मुलास हे दिसत नाही. त्याला पूर ठाऊक असतो, आणि पूर आवाज करीत येतो.

सहलीच्या प्रस्तावाचा नमुना बहुतेक ठिकाणी सारखाच असतो : विद्यार्थ्यांची संख्या, सोबतचे शिक्षक, वाहनाचा क्रमांक, पालकांचे संमतिपत्र, अंदाजे खर्च. किनाऱ्यावर पोहोचण्याच्या दिवसाची तिथी आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ यांसाठी त्यात रकाना नसतो. तिथी प्रत्येक घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते, आणि गुणाकार तिसरीचा आहे.